तुम्ही विचारलंत म्हणून: झाडाला भोकं आहेत, औषध का मारत नाही?

आमच्या घरी भारतातून कुणी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जातं आणि पाच मिनिटांत तोच प्रश्न घेऊन परत येतं. "अगं, त्या मोठ्या झाडाला कीड लागलीय. भोकं पडलीत. औषधबिवषध काही मारत नाही का तुम्ही?"

आम्ही ऑकलंडच्या पश्चिमेला, वाइटाकेरे डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. झाड पुरीरीचं आहे. नाव परकं असलं तरी नातं जवळचं, कारण ही आपल्या निर्गुडीची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. निर्गुडी झुडपातच राहिली आणि ही मात्र थेट डेरेदार वृक्ष झाली. लाकूड इतकं चिवट की पूर्वी कुंपणाचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर याचे करत. त्या जुन्या खांबांवरही ही भोकं दिसतात. म्हणजे कीड काही आमच्या हलगर्जीपणामुळे आलेली नाही.

सगळ्यात जोरात हा प्रश्न विचारला तो माझ्या सासऱ्यांनी. रत्नागिरीकडची आंब्याची बाग त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलेली. गणपती आटोपून ते सप्टेंबरअखेर इकडे आले. खोडावर बोट फिरवून म्हणाले, "भिरूड आहे. घरात पेट्रोल आहे का? आणि थोडा कापूस." भोकात पेट्रोलचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा, हा त्यांचा हातखंडा उपाय. मी म्हटलं, "बाबा, थांबा. आत राहणारं या बेटाबाहेर जगात कुठेच नाही." ते थांबले. पटलं म्हणून नाही, सुनेनं पहिल्यांदाच अडवलं म्हणून.

आत असते एका पतंगाची अळी. मांज्याचा पतंग नव्हे, दिव्यावर येतो तो. पुरीरी पतंग असं त्याचं इकडचं नाव, इथले मूळचे रहिवासी माओरी लोक त्याला पेपेतुना म्हणतात. न्यूझीलंडच्या फक्त उत्तर बेटावर सापडतो, दक्षिण बेटावर नाहीच. देशातला सगळ्यात मोठा पतंग हाच. मादीनं पंख पसरले तर ती 15 सेंटीमीटरपर्यंत भरते. रंग पोपटी. मादीच्या हिरव्यावर काळसर नक्षी असते. नर आकारानं लहान आणि जरा फिकट.

बाबांना मी भोक नीट दाखवलं. खरं तर भोक दिसतच नाही, दिसतो तो त्यावरचा पडदा. अळी रेशीम विणते, त्यात सालीचा भुसा आणि स्वतःची विष्ठा मिसळते आणि खोडाला चिकटवून टाकते. रंग अगदी सालीचा. हात लावला तर ओल्या घोंगडीसारखा लागतो. बाबांनी नखानं एक कोपरा उचकटला. (नातवानं केलं असतं तर ओरडले असते.) दोन दिवसांनी पाहिलं तर कोपरा परत शिवलेला.

पडद्यामागे बोगदा. आधी खोडात आडवा जातो, मग काटकोनात वळून वीतभर खाली उतरतो. इंग्रजी सातासारखा, आपल्या ७ सारखा नव्हे. अळी दिवसभर तळाशी पडून राहते आणि रात्री वर येते. बाबांना मी जे सांगितलं ते इथपासून सुरू होतं: ती लाकूड खात नाही. लाकूड ती कोरते फक्त राहण्यापुरतं. खाते ती जखमेवरची खपली. झाड भोकाच्या कडेनं नवी पेशी वाढवून जखम बुजवू बघतं, ती कोवळी वाढ अळी पडद्याआड बसून कुरतडते. झाड पुन्हा खपली धरतं, ती पुन्हा खाते. वर्षानुवर्षं दोघांचं हेच चालू. म्हणून तिला जिवंत झाडच लागतं, मेलेल्या झाडाला खपली कुठून धरणार? कोवळ्या रोपाच्या बारीक खोडाला असं भोक पडलं तर ते वाऱ्यात मोडू शकतं, हे खरं. पण पुरीरीसारख्या मोठ्या झाडाचं सहसा काही बिघडत नाही.

"म्हणजे भिरूड नाही," बाबा म्हणाले. "भिरूड झाडाला मारून सोडतो." एवढं बोलून पेट्रोलचा विषय त्यांनी सोडला.

अळीचा जन्म मात्र झाडावर होत नाही. मादी 2000 पर्यंत अंडी जंगलाच्या जमिनीवर नुसती उधळून देते, पेरणी करावी तशी. पिल्लू अळ्या पडलेल्या लाकडांवरची बुरशी खाऊन काही महिने काढतात, मग झाडावर चढून घर कोरतात. या सगळ्याला मिळून पाचेक वर्षं लागतात. बोगद्यातच कोष होतो आणि बहुतेक वसंतात, म्हणजे इकडच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात, एखाद्या संध्याकाळी पतंग बाहेर पडतो.

त्याला तोंड असून नसल्यासारखं. काही खाता येत नाही. दोनेक दिवस जगतो, जोडीदार शोधतो, संपतो. हे सांगितलं की प्रत्येक पाहुणा हळहळतो, "अरेरे, दोनच दिवस!" या हळहळीवर माझा राग आहे. पतंग म्हटला की आपल्याला दिवा आणि जीव देणं, याखेरीज काही सुचतच नाही. पाच वर्षं तो खाऊनपिऊन, स्वतःच्या घरात, पडदा ओढून राहिला, ते कुणी मोजत नाही. लग्नाच्या दोन दिवसांवरून माणसाचं आयुष्य मोजण्यातला हा प्रकार.

माओरी लोकांत असा पतंग घरात आला तर तो भेटायला आलेला पूर्वज मानतात. हे ऐकून बाबा गप्प झाले आणि मग म्हणाले, "आपल्याकडे कावळा." त्या रात्रीपासून जेवण झालं की खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसायचे. आठवड्याभरानं, पाऊस नुकताच थांबलेल्या एका रात्री, व्हरांड्याच्या दिव्यापाशी एक मादी आली. चिमणीएवढी. भिंतीवर आपटत राहिली, मग जाळीच्या दारावर स्थिर बसली. बाबांनी दिवा मालवला. "जाऊ दे तिला, दोन दिवसांतला एक तास इथेच घालवेल."

सकाळी पायरीवर चार हिरवे पंख पडलेले होते, मधलं अंग गायब. इथलं घुबड, रुरु, पंख टाकून बाकीचं खातं. ती तीच होती की दुसरी, कोण सांगणार. बाबांनी पंख उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवले आणि चहाला आत आले.

रिकामी झालेली भोकं झाड हळूहळू बुजवतं. मधल्या काळात तिथे वेटा राहायला येतात, नाकतोड्याचे काटेरी, जाडजूड भाऊबंद. इथल्या पुतापुतावेता नावाच्या झाडाला तर नावच त्यावरून पडलंय.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "त्या खालच्या भोकाचं काय झालं?"

"वेटा आलाय राहायला."

"तो काय खातो?"

"पानं."

"मग राहू दे."