आमची वाटचाल : मिरजेतलं सेंट्रीफ्यूज रिपेअरिंग

मिरजेत दवाखाने किती ते काही सांगायला नको, इकडं सांगली कोल्हापूर आणि पलीकडनं कर्नाटकातनं पेशंट येतात, आणि जिथं दवाखाना तिथं लॅब आलीच, लॅब आली की सेंट्रीफ्यूज, म्हणजे रक्ताच्या ट्यूब जोरात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचं मशीन, आलं. मी आयटीआय करून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होतो, पंप, फॅन, मिक्सर असलं काम. मधनंच एखादा लॅबवाला सेंट्रीफ्यूज काखेत मारून यायचा, "मोटार गेलीय, भरून द्या." उघडून बघावं तर मोटार ठणठणीत, कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजून गुळगुळीत झालेले नाहीतर स्प्रिंग अडकलेली. कार्बन किती रुपयाचा आणि मोटार भरायला किती, तुम्हीच बघा. बऱ्याच ठिकाणी गुपचूप मोटार भरल्याचं बिल लागायचं, ते मला पटायचं नाही, म्हणून घरातल्या पुढच्या खोलीत स्वतःचं चालू केलं. हिशोब आणि फोन मिसेसकडं, मशीन माझ्याकडं.

आमची पद्धत साधी आहे, स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधी चौकशी. आवाज कधीपासून येतोय, कोण चालवतं, काही फुटलं सांडलं होतं का. बंद मशीन आलं की आधी पिन, फ्यूज, मग झाकणाचा स्विच, त्याची पट्टी वाकली की झाकण लागलंय हे मशीनला कळतच नाही आणि लोक मोटारीला शिव्या घालतात. त्यानंतर कार्बन. नवीन कार्बन टाकला की लगेच फुल स्पीडला पळवायचं नाही, हळू फिरवून तो कम्युटेटरवर, म्हणजे मोटारीच्या ज्या फिरत्या भागावर तो घासतो तिथं, बसू द्यायचा, नाहीतर ठिणग्या पडून कम्युटेटर काळा पडतो.

तालुक्याच्या एका लॅबची केस सांगतो. मशीन चालू केलं की टेबलावर अक्षरशः चालायला लागायचं. बेअरिंग कुणीतरी आधीच बदलून गेलेलं, तरी तेच. मी बकेट, म्हणजे ट्यूब ठेवायचे फिरणारे डबे, काढून बघितल्या तर एकीत तळाचं रबर गायब, समोरच्या बकेटमध्ये रबरावर रबर दोन. शेजारच्या सोनाराकडनं वजन करून आणल्या, सात ग्रॅमचा फरक. आता सात ग्रॅम म्हणजे काय असं वाटतं, पण १५ सेंटीमीटर त्रिज्या आणि ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरलं तर गुरुत्वाच्या साधारण १५०० पट जोर लागतो, म्हणजे एका बाजूला दहा किलो जास्तीचे लटकवून मशीन फिरत होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो पण ट्यूब तर मी समोरासमोरच ठेवते, लेव्हल पण सारखी." ट्यूबचं बरोबरच होतं त्यांचं. रबरं जागेवर घातली, खालचे तडकलेले रबर बुश बदलले, मशीन गप्प.

स्पीडची तक्रार मात्र कुणी करत नाही कारण ती दिसतच नाही. जुन्या मॉडेलला नॉबवर नुसते एक ते दहा आकडे, खरा स्पीड किती ते टॅकोमीटर लावल्याशिवाय कळत नाही. ३००० च्या जागी २६०० निघाला तर लोक म्हणतात चारशेनं काय होतंय, पण जोर स्पीडच्या वर्गाच्या हिशोबात असतो त्यामुळं तो पाव हिस्सा कमी झालेला असतो. मग पीटी, एपीटीटीच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टच्या) प्लाझ्मात प्लेटलेट राहतात आणि रिपोर्टवर शंका आली की दोष किटला जातो. एनएबीएलवाल्या, म्हणजे दर्जाची मान्यता घेतलेल्या, लॅबना कॅलिब्रेशनचा कागद लागतोच, बाकीच्यांना मी फुकट स्पीड बघून देतो, धंद्याच्या दृष्टीनं मिसेसला ते आवडत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं आमचं काम बदललं. सांगलीत तळमजल्यावरच्या लॅब पाण्याखाली, मशीनमध्ये गाळ. आम्ही फोनवर एकच सांगायचो, पिन लावू नका. सगळं खोलून स्वच्छ पाण्यानं धुवायचं, मोटार उन्हात आणि मग बल्ब लावलेल्या पेटीत वाळवायची, मेगरनं इन्सुलेशन बघायचं, बेअरिंग तर नवीनच. बरीच मशीनं उठली, काहींची कार्डं (आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटं) गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी कोरोना, तेव्हा लॉकडाऊनमध्ये पास काढून फिरलो.

कोरोनानं अजून एक दुखणं आणलं, हायपो, म्हणजे जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट. जो तो मशीन आतनं हायपोनं पुसायला लागला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रोटरला (ज्याला बकेट लागतात त्या फिरत्या भागाला) पांढरे खड्डे पडायला लागले. रक्त सांडलं तर हायपो लावावंच लागतं, पण नंतर पाण्यानं पुसून कोरडं करायचं, रोजच्याला ७० टक्के अल्कोहोल चालतं. खड्डे खोल गेलेला किंवा चीर दिसलेला रोटर आम्ही दुरुस्त करत नाही, कितीही ओळखीचा असला तरी मशीन बसवून देत नाही, फिरताना तो फुटला तर झाकणसुद्धा थांबवेलच असं नाही. यावरनं दोन चार गिऱ्हाईकं तुटली, तुटू देत.

आता ब्रशलेस मोटारची मशीनं आलीत, कार्बनचा विषयच नाही, डिस्प्लेवर एरर येतो आणि लोक कार्ड गेलं म्हणून फोन करतात. मिसेस आता फोनवरच विचारते, बकेटा वजन करून बघितल्या का, आणि निम्म्या वेळा मला जावंच लागत नाही. कोल्ड, म्हणजे आत थंड ठेवणाऱ्या, सेंट्रीफ्यूजचं इलेक्ट्रिकल आम्ही करतो, गॅसचं काम अजून बाहेरच्या फ्रीजवाल्या पोराकडनं करून घेतो, तो येईल तेव्हा येतो.