ओस्लोतली ओंडक्यांची घरं आणि आमचा बडोद्याचा वाडा

नॉर्वेला गेलो ते चुलतभावाकडे, तो ओस्लोत नोकरीला आहे, आणि बरोबर काका होते. काकांना समुद्र, बोटी यात फारसा रस नव्हता, त्यांना लाकडी घरं बघायची होती, कारण इकडे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं काम निघालंय आणि कॉन्ट्रॅक्टरने एकच धोशा लावलाय की लाकूड सगळं काढून टाका, स्लॅब घाला.

ओस्लोत नॉर्स्क फोल्केम्युझियम आहे, 1894 साली सुरू झालेलं, देशभरातली दीडशेच्या वर जुनी घरं उचलून आणून एका आवारात मांडलीत. काही मध्ययुगातली! काका पहिल्याच घराच्या कोपऱ्याशी थांबले ते हलेचनात. ओंडके एकमेकांवर आडवे रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. वरच्या ओंडक्याचं पोट लांबच्या लांब कोरून खालच्यावर नीट बसवलेलं आणि मधल्या फटीत शेवाळ दाबलेलं, काकांनी बोट लावून बघितलं तर वाळून दोरीसारखं घट्ट झालेलं. भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते तशी ती फट अजून आवळत जाते. लाकूड वाळताना जाडीत बरंच आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून अशी आडव्या ओंडक्यांची भिंत कालांतराने बुटकी होते, आणि सुतार दार-खिडकीच्या वर मुद्दाम जागा सोडतात, नाहीतर चौकट दाबली जाईल. हे ऐकल्यावर काका प्रत्येक दारावर मान वर करून बघत होते.

सगळ्यात जुन्या घरांत खिडकी नाहीच. मधोमध चूल, धूर छपराच्या भोकातून बाहेर, आत काळोख, वासे काजळीने काळेकुट्ट. पुढे चिमणी आली तसं घराचं रूपच पालटलं, धुराची वाट वेगळी झाली म्हणून छताखाली माळा घालता आला, भिंतीत काच बसवता आली. छपरावर बर्च झाडाच्या सालीचे थर आणि त्यावर गवतासकट माती, साल पाणी अडवते आणि माती सालीला दाबून धरते. धान्याची कोठारं तर खांबांवर उचललेली, उंदीर चढू नयेत म्हणून.

नंतर भावाने लिलेहामरच्या बाजूला एक केबिन भाड्याने घेतली होती. त्या देशात अशा सुट्टीच्या केबिन चार लाखांहून जास्त आहेत, बहुतेकांचं जाणंयेणं असतंच. बाहेरून अस्सल ओंडक्यांची, काकांनी सवयीने भिंतीवर टकटक केलं तर आवाज पोकळ! भाऊ म्हणाला, अहो बाबा, आत फ्रेम आहे आणि खनिज लोकर, म्हणजे दगड-काचेच्या तंतूंची गादी, भरलीय, बाहेर फक्त गोल फळ्या ठोकल्यात. कारण तेवढ्याच जाडीत लोकर लाकडापेक्षा तिपटीने थंडी अडवते, आणि नुसत्या ओंडक्याच्या भिंतीला आजचे ऊर्जेचे नियम पाळणं अवघड जातं. फरशी खालून गरम, काच तीन पदरी, झोप मस्त लागली, मान्य. पण पूर्वी ओंडका हाच भिंत, हाच आधार, हीच ऊब, आता तो फक्त तोंडाला लावलेला, हे मला रुचलं नाही. शेजारच्या केबिनचे ओंडके खरे होते, फळ्या चिकटवून मशीनवर घडवलेले, असे ओंडके आकसतात कमी, ते त्यापेक्षा प्रामाणिक वाटले.

वाटेत ब्रुमुंडालला म्योस्तार्नेट लागलं, 2019 मध्ये पूर्ण झालेली 18 मजली, 85.4 मीटर उंच लाकडी इमारत. खांब, तुळया सगळं चिकटवलेल्या लाकडाचं. काकांचा पहिला प्रश्न आगीचा. जाड लाकूड बाहेरून कोळसा होतं आणि तो कोळशाचा थरच आतल्या गाभ्याला बराच वेळ वाचवतो, म्हणून खांब हिशेबापेक्षा जाडच घेतात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे लोक लाकडावर अठरा मजले चढवतायत आणि आपण दोन मजल्यांचं लाकूड उतरवतोय."

बडोद्याला आल्यावर आम्ही तांबेकर वाड्यात गेलो. एकोणिसाव्या शतकातले दिवाण भाऊ तांबेकर यांचा चार मजली वाडा, लोक भिंतीवरची चित्रं बघायला येतात, आणि ती बघावीतच, पण आम्ही यावेळी खांब आणि तुळया बघत फिरलो. आपली पद्धत वेगळी, ओंडके रचायचे नाहीत, उभ्या खांबांवर तुळई, तिच्यावर कडीपाट, म्हणजे ओळीने कड्या आणि वर फळ्या. आमच्या घरीही तसंच, खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. मागे कुणीतरी ओसरीत सिमेंट भरून दोन तळखडे बुजवलेत, आणि वाळवी लागलीय ती नेमकी त्याच दोन खांबांच्या पायाशी. बाकीच्यांवर ठोकलं की खणखणीत आवाज येतो.

काकांनी कॉन्ट्रॅक्टरला सध्या थांबवलंय. आधी सुतार येऊन एकेक तुळई ठोकून बघणार, ते दोन खांब खालून कापून सागाचे जोड देणार, सिमेंट फोडणार, स्लॅबचं नंतर बघू.