तुम्ही विचारलंत म्हणून : मीटिंगला पहिल्यांदा कसा गेलो

लग्नात, तेरवीला, कधी बर्डीवर भाजी घेताना कोणीतरी मला बाजूला घेतं. बहुतेक वेळा बाईच असते. "भाऊजी, तुमची दारू सुटली म्हणतात. ती मीटिंग कुठं असते? यांना कसं न्यायचं?" दर वेळी घाईत अर्धंमुर्धं सांगून होतं, म्हणून आज नीट लिहितो.

पत्ता मिळणं सोपं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए. ही दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना, तिचे गट नागपुरात आहेत. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावरून फोन नंबर मिळतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. माझ्या डॉक्टरांनी तर औषधाच्या चिठ्ठीमागे गटाचा नंबर लिहूनच दिला होता. ती चिठ्ठी १४ महिने माझ्या पाकिटात होती. घडी पडून पडून शेवटचा आकडा पुसट झाला, पण फोन केला नाही. तिथे जाणं म्हणजे चारचौघांत दारुड्या म्हणवून घेणं, असं वाटायचं.

तोवर बाकी सगळं करून पाहिलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सुटी टाकून वर्ध्याला बहिणीकडे जाऊन राहिलो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, तिथे मिळणारच नाही, असा हिशेब. तिसऱ्या दिवशी मोहाची मिळाली. मीच शोधत गेलो होतो. बहीण काही बोलली नाही. माझं ताट वाढलं आणि भाच्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

त्या वर्षी पोळ्याला सकाळपासूनच घेतली. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. माझं सासर इतवारीत, गॅलरीतून मिरवणूक दिसते. खाली पोरं ओरडत होती, "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत!" बायको शेजारी उभी होती. पिवळी मारबत समोर आली तशी तिने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "यांची दारू घेऊन जा गे माय." मी ऐकलं, हे तिला कळलं नाही. संध्याकाळी फोन लावला.

पलीकडच्या माणसाने नाव विचारलं नाही. विचारलं, "हात कापतात का? मग आधी डॉक्टरला दाखवा. एकदम बंद नका करू." हे तुम्हीही लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. घरात कोंडून ठेवून दारू सोडवायला जाऊ नका.

मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. गेटसमोरून मी दोनदा पुढे निघून गेलो. तिसऱ्यांदा आतून एक जण बाहेर आला. "मीटिंगले आले ना भाऊ? या. बोलाचं नसन तर नका बोलू, नुसतं आयका." बाक चौथीच्या पोरांचे, गुडघे मावेनात. चहा आला तो अर्धा कप. नवा माणूस म्हणून हात आखडता घेतला, असं वाटलं. उचलला तेव्हा समजलं. माझा हात इतका कापत होता की भरलेला कप अंगावर सांडला असता. चहा देणाऱ्याला हे आधीच ठाऊक होतं.

मग एक जण बोलायला लागला. उन्हाळ्यात तो बाटली कूलरच्या पाण्यात लपवायचा. माझीही तिथेच असायची. इतक्या वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि समोरचा माणूस ते सगळ्यांसमोर शांतपणे सांगत होता.

ए.ए.चा जन्मच असा झाला. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात धंद्यानिमित्त आलेला एक माणूस हॉटेलात एकटा होता. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, सौदा फिसकटलेला, आणि बार समोरच. आपण टिकायचं तर दुसऱ्या दारुड्याशी बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं. फोन करत करत तो एका सर्जनपर्यंत पोचला. सर्जनने १५ मिनिटं देऊ केली होती, बोलणं काही तास चाललं. त्या सर्जनने १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात.

फी नाही. शेवटी थैली फिरते, टाकलं तर टाकलं. पूर्ण नाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

राहिलं, "यांना कसं न्यायचं." ओढून नेता येत नाही, ताई. पण त्यांची वाट पाहत तुम्ही थांबू नका. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. ए.ए.च्या खुल्या मीटिंगलाही तुम्ही एकट्या येऊन बसू शकता. बंद मीटिंग मात्र पिणाऱ्यांपुरतीच असते. आणि ते आले, काही महिने राहिले, पुन्हा प्याले, तर सगळं संपलं असं समजू नका. माझी चौथ्या महिन्यात स्लिप झाली होती. परत गेलो तेव्हा कोणी काही विचारलं नाही, बाकावर सरकून जागा केली.

पहिल्या दिवशी ते गेटवरून दोनदा पुढे निघून गेले, तर मागून हाका मारू नका. आमच्यातलं कोणीतरी बाहेर उभं असतं.