पैठणच्या अंगणात डोलकाठीचे वायरिंग

परभणीहून पाथरी, माजलगाव आणि गेवराई मागे टाकून शहागडचा गोदावरीवरील पूल ओलांडला आणि पाचोडहून पैठणच्या रस्त्याला लागलो, तेव्हा दुतर्फा कापसाची वेचणी चालू होती. मित्राची शिडाची लहान होडी पैठणला त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रेलरवर ठेवलेली असते. नाथसागर हाकेच्या अंतरावर असला तरी तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने ही होडी तिथे उतरत नाही. ती रस्त्याने रायगडच्या किनाऱ्यावर जाते आणि यंदा किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जाण्याचा बेत होता. रात्री पाण्यावर राहायचे म्हणजे दिवे हवेत, आणि मागच्या हंगामात डोलकाठीवरच्या दिव्यांनी एकेक करून मान टाकली होती.

डोलकाठी आडवी करून लाकडी घोड्यांवर ठेवलेली असताना हे काम करणे सोपे, कारण ती एकदा उभी राहिली की दोरीच्या झुल्यात बसून शेंड्यापर्यंत चढावे लागते. शेंड्याला दोन दिवे होते. त्यांतला नांगर टाकल्यावर लावायचा चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा मंद पेटत होता. दुसरा, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिसणारा तिरंगी, हालवले की लुकलुकत होता. काठीच्या मध्यावरचा, समोरच्या २२५ अंशांत दिसणारा इंजिनाच्या वेळचा दिवा मात्र पूर्ण बंद होता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिरंगी दिवा फक्त शिडावर चालताना वापरायचा असतो. इंजिन चालू केले की तो बंद करून बाजूचे दिवे, मागचा दिवा आणि हा मधला दिवा लावायचा. मधला दिवा नसेल, तर समोरच्या मोठ्या जहाजाला आपण शिडावर आहोत असे वाटेल आणि त्यानुसार ते आपली वाट ठरवेल.

मित्राने शेतातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले होते. मीटर मधल्या दिव्याच्या होल्डरवर १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणून मित्राने बल्बलाच दोष दिला. मिस्त्रींनी मीटर बाजूला सारला. “मीटर दाखवायलंय सर, पर लोड उचलंना झालंय,” असे म्हणून त्यांनी गाडीचा चांगला बल्ब तारांना जोडला आणि पेटवूनच व्होल्टेज पाहिले, तर ते सातवर आले. वास्तविक आठ मीटरच्या काठीत अडीच चौरस मिलिमीटरची तार असेल, तर जाऊन-येऊन सोळा मीटरमध्ये २५ वॅटच्या बल्बासाठी जेमतेम पाव व्होल्ट गळायला हवा. मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. गळती दिसते ती ओझे टाकल्यावरच.

जोड होता काठीच्या पायथ्याच्या प्लगमध्ये. खाऱ्या पाण्याने त्याच्या पिना हिरव्या झाल्या होत्या आणि तारेचे तांबे आतपर्यंत काळवंडले होते, म्हणून ते नुसते घासून भागले नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापत जावे लागले. नांगरदिव्याचा दोष वेगळा निघाला. एकेक तार आणि काठीचे ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओहम तपासल्यावर एक तार काठीला चिकटलेली आढळली: शेंड्याजवळच्या छिद्राच्या धारदार कडेने वेष्टण कापले होते, कारण तिथे रबरी वायसर नव्हता आणि आतली तार होडी डुलेल तशी आपटत राहिली होती. तिरंगी दिव्याचा होल्डर फक्त सैल होता.

पाण्यात बुडणाऱ्या मोटारीच्या केबलचा जोड मिस्त्री ज्या निगुतीने बांधतात, त्याच निगुतीने त्यांनी हे जोड रबर टेप ताणून व वरून पीव्हीसी टेप लपेटून बांधले. समुद्र पाहिलेला नसलेल्या माणसाकडून इतके योग्य काम होईल असे मला वाटले नव्हते; पण विहिरीतले पाणीही शेवटी जोड शोधतच येते. नवे एलईडी बसवल्यावर आम्ही इतर जहाजांशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ लावून ऐकलाच, कारण स्वस्त एलईडीतील सर्किट रेडिओत खरखर घालते. खरखर नव्हती.

ताम्हिणी घाट उतरून किनाऱ्यावर पोहोचल्यावर डोलकाठी उभी करण्याआधी तोच गाडीचा बल्ब पुन्हा प्रत्येक टोकाला लावून पाहिला. रस्त्याच्या धक्क्यांनी पायथ्याच्या प्लगचा एक स्क्रू ढिला झाला होता. तो आवळला, तारेला प्लगच्या खाली वळसा ठेवला, जेणेकरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता वळशावरून ठिबकेल, आणि मग काठी उभी केली.