जावर: चांदीसाठी पोखरलेल्या डोंगरांत दोन दिवस

उदयपूरहून अहमदाबादच्या दिशेने दक्षिणेकडे निघाले, की साधारण चाळीस किलोमीटरवर जावरच्या टेकड्या दिसू लागतात. धातुविद्येच्या इतिहासात हे गाव जस्तासाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी सर्वस्वी रास्त आहे. मात्र या डोंगरांकडे माणूस प्रथम वळला तो जस्तासाठी नव्हे, तर शिसे आणि त्या शिशात दडलेली चांदी यांच्यासाठी, असे माझे मत दोन दिवस तेथे हिंडल्यावर पक्के झाले. काही वर्षांपूर्वी मी येथे प्रथम आलो तेव्हा थेट जस्त गाळण्याच्या मुशींचे, म्हणजे मातीच्या भांड्यांचे, ढीग पाहिले आणि परत फिरलो. त्यामुळे डोंगर का खोदला गेला, हा मूळ प्रश्नच मनात आला नाही. या खेपेस भूशास्त्राचे निवृत्त अध्यापक सोबत होते. त्यांच्या सांगण्यावरून पहिला दिवस खडकांना आणि दुसरा भट्ट्यांना दिला. पुढे जाणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मेवाडी बोलीत टेकडीला ‘मगरा’ म्हणतात. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई ही येथील खाणींची नावे असून त्यांच्या मधून टिडी नदी वाहते. नदीकाठच्या रस्त्यावरून पाहिले तरी खडकांतील फरक लक्षात येतो. फिलाईट हा पानापानांनी सुटणारा करडा खडक उतारांवर आणि सखल भागांत आढळतो, तर डोलोमाइट आणि क्वार्ट्झाइट हे कठीण खडक कण्यासारखे वर उठलेले दिसतात. हे सर्व थर भूशास्त्रज्ञ ज्याला अरवली महासंघ म्हणतात त्या खडकसमूहाचे, म्हणजे पृथ्वीवर अद्याप प्राणी किंवा वनस्पती नव्हत्या त्या काळी समुद्रात साचलेले आहेत. येथील गॅलिना या शिशाच्या खनिजातील समस्थानिकांवरून, म्हणजे शिशाच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून, काढलेले वय सुमारे १७० कोटी वर्षे येते.

धातू आहे तो डोलोमाइटमध्ये, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. थरांवर दाब येऊन घड्या पडू लागल्या तेव्हा फिलाईट मऊपणामुळे वाकला. ठिसूळ डोलोमाइट मात्र तडकला आणि त्या तडांत खनिजे भरली. म्हणून येथील धातुशिरा एकसंध भिंतीसारख्या सलग जात नाहीत. एक शिर बारीक होत संपते आणि तिच्या बाजूला, थोडी सरकून, दुसरी सुरू होते. मोचियामध्ये ही रचना विशेष ठळक आहे. धातू मुळात समुद्रतळाच्या गाळासोबतच साचले आणि नंतर थरांना घड्या पडताना फटींमध्ये एकवटले, असे मत अनेक अभ्यासक मांडतात. उघड्यावर दिसणाऱ्या दरडीत बारीक शिरांचे जाळे आणि त्यांना समांतर जाणारा मूळ थर हे दोन्ही शेजारीशेजारी पाहिल्यावर मलाही ते पटण्यासारखे वाटले.

शिरांत मुख्यतः तीन खनिजे आहेत: स्फॅलेराइट म्हणजे जस्ताचे सल्फाइड, गॅलिना म्हणजे शिशाचे सल्फाइड, आणि पायराइट म्हणजे लोहाचे. प्रमाणाने जस्त शिशापेक्षा अधिक आहे. मग प्राचीन खाणकामगारांना आधी शिसे का दिसले असावे? याचे उत्तर पृष्ठभागावरील झिजेत मिळते. पाऊस आणि हवा यांमुळे सल्फाइडे गंजतात, तेव्हा जस्ताचे सल्फेट पाण्यात विरघळून बरेचसे वाहून जाते. शिशाचे सल्फेट आणि कार्बोनेट मात्र सहज विरघळत नाहीत, म्हणून ते जागेवरच उरतात. पायराइटमधील लोह तांबूस-तपकिरी होऊन वर पसरते. हा तांबडा पट्टा हीच जुन्या शोधकांची खूण असणार. तो पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खडक धुतलेले असताना सर्वांत स्पष्ट दिसतो. सकाळी लवकर निघावे; उन्हे डोक्यावर आली की रंगांमधील भेद पुसट होतो.

सोबत एक भिंग, लहान चुंबक आणि चिनी मातीचा झिलई नसलेला तुकडा ठेवावा. गॅलिना त्या तुकड्यावर घासल्यास करडी-काळी रेघ उमटते, तर स्फॅलेराइटची रेघ फिकट पिवळसर किंवा तपकिरी येते. गॅलिनाची ओळख तशी हातालाच पटते, कारण त्याची घनता सुमारे ७.५, म्हणजे डोलोमाइटच्या अडीचपटीहून अधिक आहे. तपासून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, आणि मुलांना जुन्या धातुमळीच्या, म्हणजे भट्टीतून उरलेल्या टाकाऊ भागाच्या, ढिगांवर खेळू देऊ नये. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि शरीरातून लवकर बाहेरही पडत नाही.

जुन्या खोदकामाविषयी लिहिताना मला सर्वाधिक काळजी वाचकांच्या सुरक्षिततेची वाटते. उतारांवर अनेक ठिकाणी काळी तोंडे दिसतात. त्यांपैकी एकातही पाऊल टाकू नये. आत हवा कोंडलेली असते, छत कधीही सुटू शकते, आणि सपाट वाटणाऱ्या पाण्याखाली उभा खड्डा असू शकतो. बाहेर उभे राहून विजेरीच्या प्रकाशात जेवढे दिसते तेवढेही पुरेसे बोलके आहे. भिंती खाचाखोचांच्या नसून गोलसर, गुळगुळीत आहेत, कारण खडक आगीने तापवून, तडकवून फोडला जात असे. जेथे खुणा आहेत तेथे लोखंडी छिन्नीचे बारीक चरे आहेत. संशोधकांना आत लाकडी शिड्या आणि आधाराची लाकडे सापडली. जावरमालातील अशा एका लाकडाचे कार्बन कालमापन इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्याकडे निर्देश करते. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, शिरेचा माग घेत, शंभर मीटरहून खोल उतरलेल्या त्या माणसांचा विचार करताना मी बराच वेळ तेथून हललो नाही.

लिखित पुरावा विरळ आहे. मेवाडातील सामोली येथील इसवी सन ६४६ च्या शिलालेखात अरण्यकूपगिरी येथे खाण सुरू केल्याचा उल्लेख असून काही अभ्यासक ती जागा जावरच मानतात. मेवाडच्या परंपरेत चांदीच्या खाणीचे श्रेय चौदाव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या राणा लाखाला दिले जाते. लाकडाचे वय पाहता तो शोध म्हणजे सोडून दिलेल्या खाणीचा पुनरारंभ असावा, असे मला वाटते.

चांदी काढण्याची रीत समजली की शिशाचे महत्त्व लक्षात येते. गॅलिना भाजून वितळवले की चांदीसह शिसे मिळते. ते छिद्रिष्ट मुशीत, वाऱ्याच्या झोतात तापवले की शिशाचे ऑक्साइड होऊन ते मुशीत मुरते किंवा बाजूला काढता येते, आणि तळाशी चांदीचा मणी उरतो. स्फॅलेराइट या कामात अडथळाच ठरते. साध्या भट्टीत जस्त हाती लागत नाही, कारण त्याच्या ऑक्साइडचे क्षपण, म्हणजे ऑक्सिजन निघून धातू सुटा होणे, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास होते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. धातू तयार होतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागताच पांढरा धूर बनून नाहीसा होतो.

दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या मुशी म्हणजे या अडचणीवर शोधलेले उत्तर आहे. सुमारे वीतभराहून थोडी मोठी, वांग्याच्या आकाराची मातीची मूस. तिच्यात भाजलेल्या खनिजाच्या गोळ्या भरून तोंडाला मातीची नळी जोडायची, मध्ये एक काडी ठेवायची, आणि मूस उलटी करून भोकांच्या जाडसर मातीच्या फरशीवर बसवायची. काडी जळून वाफेला वाट मोकळी होते. वर आग, खाली थंड कप्पा. वाफ खाली उतरते आणि हवा लागण्यापूर्वीच गोठते. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात खर्परापासून, म्हणजे जस्ताच्या खनिजापासून, सत्त्व म्हणजे धातू काढण्यासाठी सांगितलेल्या मुशीचे नावच ‘वृन्ताक’, म्हणजे वांगे, असे आहे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन याने खाली उतरणाऱ्या वाफेने जस्त काढण्याचा एकाधिकार १७३८ मध्ये मिळवला. जावरच्या भट्ट्या त्याहून कित्येक शतके आधीच्या आहेत. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि येथील खाणी चालवणारी हिंदुस्तान झिंक ही कंपनी यांनी येथे एकत्रितपणे अभ्यास केला. १९८८ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्स या संस्थेने या जागेला आंतरराष्ट्रीय धातुवारशाचा दर्जा दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस दुष्काळ आणि अस्थिरता यांमुळे हे काम थांबले. १९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने खाणी पुन्हा सुरू केल्या आणि १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंकची स्थापना झाली. खाणी आजही चालू आहेत, त्यामुळे कुंपणाच्या आत जायचे असल्यास लेखी परवानगी बरीच आधी मागावी. ती मिळाली नाही तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण पाहण्यासारखे बरेचसे सार्वजनिक रस्त्यावरून आणि गावातून दिसते. मुशीचा तुकडाही खिशात घालू नये. वरवर टाकाऊ वाटणारे हे ढीग हाच येथील सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे, आणि एका जागेवरून उचललेला तुकडा दुसरीकडे काहीच सांगू शकत नाही.

शेवटचा तासभर जुन्या वस्तीसाठी राखून ठेवावा. महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिने बांधवलेले कुंड आणि मंदिर येथे आहे. तेथील लेख १४९७ चा. जवळच जैन मंदिरे आहेत आणि त्यांचे कोरीव काम खाणींतून आलेल्या संपत्तीची कल्पना देते. त्यापुढे पडक्या भिंती लागतात. वापरून झालेल्या मुशी विटांसारख्या ओळीने रचून, मातीत बसवून त्या उभारल्या आहेत, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक मुशीचे गोल बूड वेगळे दिसते. छायाचित्रासाठी हीच वेळ उत्तम. काही भिंतींच्या आड कुटुंबे राहतात, म्हणून दारात आवाज देऊन, विचारूनच जवळ जावे.