खिरेश्वर ते पाचनई: वाटाड्यासोबत हरिश्चंद्रगड

माळशेज घाटाच्या रस्त्यावरील खुबी फाट्यावर उतरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून सुमारे 5 किलोमीटर चालले की खिरेश्वर लागते. हिवाळ्यात आम्ही येथून हरिश्चंद्रगड चढून पाचनईला उतरलो आणि सोबत गावातलाच वाटाड्या घेतला. मळलेल्या वाटेला वाटाड्या कशाला, अशी शंका आमच्यापैकी काहींनी काढली होती. तोलार खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापर्यंत तिच्यात तथ्यही होते.

खिंडीपुढच्या कातळटप्प्यावर लोखंडी कठडे आहेत, तरीही वाटाड्याने प्रत्येकाला पाठपिशवीचे पट्टे आवळायला लावले, दोघांमध्ये अंतर ठेवायला सांगितले आणि कठड्यावर भार टाकण्याआधी पायाची पकड तपासण्याची सवय लावली. त्याचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. वर एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांचे चढउतार असून मुख्य वाटेला जागोजागी ढोरवाटा फुटतात. पायाखाली मोकळी, पण छातीच्या उंचीवर फांद्यांनी अडलेली वाट गुरांची समजावी, असे त्याने दाखवून दिले. धुके उतरल्यास पांगून वाट शोधण्याऐवजी शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी एकत्र थांबावे, हा त्याचा दंडक आम्हाला कोणत्याही नकाशापेक्षा मोलाचा वाटला.

हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि चारपैकी एकच खांब शाबूत राहिलेली केदारेश्वराची लेणी सावकाश पाहावीत. कोकणकड्याची कड मात्र खाली आत वळलेली असल्याने दरीत डोकावायचे ते पालथे पडूनच, आणि तेही वारा बेताचा असताना. मधमाश्यांच्या भीतीने वाटाड्याने अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांना सक्त मनाई केली होती. इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, दिसावे अशी इच्छा असल्यास सकाळी यावे, कारण सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असावे लागते. अर्थात ते दिसेलच, असे कोणताही प्रामाणिक वाटाड्या सांगणार नाही.

पाचनईची वाट सर्वांत सोपी असली तरी पावसाळ्यात ओढ्यातले दगड शेवाळतात. प्रत्येकी निदान 3 लिटर पाणी आणि डोक्याला बांधायची विजेरी जवळ असावी. वाटाड्याचा मोबदला, त्याचे जेवण आणि परतीची सोय निघण्यापूर्वीच ठरवावी. दोन वेगळ्या गावांतून चढउतार करणाऱ्यांनी पाचनईतून राजूरपर्यंतचे वाहनही आधी सांगून ठेवावे.