कवळी, चष्मा, कानाचं मशीन कपाटात आणि आजी वॉर्डात

मी फिजिओथेरपिस्ट, गोव्यातल्या एका हॉस्पिटलात ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डला असते. चतुर्थी जवळ आली की सगळ्या पेशंटना गणपतीला घरी जायचं असतं, त्या गडबडीतच सत्तरीतल्या एक आजी आल्या. न्हाणीत घसरून खुबा मोडलेला, अर्धा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन गेले तर फाईलवर लिहिलेलं, पेशंट कन्फ्यूज्ड, सूचना पाळत नाही. रात्री ओरडल्या, सलाईन ओढून काढलं म्हणे.

मी म्हटलं, आजी, पाय हलवा बघू. त्या म्हणाल्या, "जेवले गो." परत सांगितलं, परत तेच. मग मास्क खाली ओढला आणि समोर बसून हळू बोलले. आजींनी माझ्या ओठांकडे टक लावून बघितलं आणि पाय हलवला!

सुनेला विचारलं तर म्हणे मशीन आहे की कानाचं, पण घरी. ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत नेताना कवळी, चष्मा, मशीन, बांगड्या सगळं काढून घरच्यांच्या हातात दिलं, वर मोलाच्या वस्तू वॉर्डात ठेवू नका म्हणून बजावलं, मग यांनी सगळंच घरी वाळपईला नेऊन कपाटात ठेवलं. यात घरच्यांचा काय दोष? ओटीनंतर या तीन गोष्टी परत लावायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. बॅगेत मात्र नव्या चादरी, थर्मास, बिस्किटांचे पुडे, आणि पायात घालायला गुळगुळीत झालेली हवाई चप्पल.

ऑपरेशन, दुखणं, औषधं यांनी वय झालेल्या माणसांना भ्रम होतो, तो खरा असतो. पण ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि चावता येत नाही त्याचा तो आणखी वाढतो, आणि वॉर्डात रात्रंदिवस मास्कवाली माणसं येऊन काहीतरी पुटपुटून जातात. राउंडला आलेल्या डॉक्टरने उभ्याउभ्या तारीख विचारली आणि उत्तर आलं नाही म्हणून शेरा मारला, याचा मला अजून राग आहे.

दुपारच्या कदंब बसने नातू सगळं घेऊन आला. मशीनचा सेल संपलेला, नवा खाली जाऊन आणला (नवीन सेलचा स्टिकर काढून एखादा मिनिट थांबायचं, मग घालायचा, हे मेडिकलवाले सांगत नाहीत). मशीन लागल्यावर आजींनी पहिलं विचारलं, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) सामान कोण आणणार? संध्याकाळी दारापर्यंत चालल्या, रात्री थोडं बडबडल्या पण सलाईनला हात लावला नाही.

आता कोणाचं ऑपरेशन ठरलं की मी आधीच घरच्यांना गाठते. चष्मा, कवळी, मशीन आणि जादा सेल नाव लिहिलेल्या डब्यात घाला, ओटीतून आल्यावर लगेच मागा. मागे पट्टा असलेली, न घसरणारी सॅंडल आणा, जरा सैल, पाय सुजतो. गाऊन पुढून बटणांचा आणि घोट्याच्या वर, नाहीतर वॉकरमध्ये अडकतो. सोनं खुशाल घरी न्या. आमच्या ॲडमिशन फॉर्मवर दागिन्यांचा रकाना आहे, मशीनचा नाही, तो घाला म्हणून सांगितलंय, तोवर मीच फाईलवर लाल पेनने लिहिते: ऐकायचं मशीन आहे, लावून मगच बोला.